डाव्या कोपराचं रफू

लोकांना लाज नसते, हे मी अकरा वर्षं जुन्या कपड्यांच्या छाटणीत काढून छातीठोकपणे सांगते. घराघरांतून पिशव्या आमच्या शेडमध्ये येतात. आम्ही त्या फोडायच्या, सुती एका पिंपात, लोकर दुसऱ्यात, उरलेलं चिंध्यांत. कुणी ओले मोजे कोंबतं. एकदा तर खिशातून कवळी निघाली. टेबलापलीकडची मावशी म्हणाली, "ठेवून दे गं. तुझी जीभ अशीच चालली तर तुझे दात लवकरच झिजतील."

त्या मंगळवारी पिवळी पिशवी आली. आत शाळेचा एकच निळा स्वेटर. डाव्या कोपरावर हिरव्या दोऱ्याचं रफू, आणि रफूच्या शेवटी उजवीकडे झुकलेले तीन टाके.

असं रफू मी करते. माझी लेक डावरी आहे, लिहिताना कोपर बाकावर घासते आणि दर दोन महिन्यांनी भोक पाडून आणते. पण तिचा स्वेटर तर सकाळीच तिच्या अंगावर चढवून मी तिला शाळेत धाडलं होतं. गळ्याच्या आतली मापाची चिठ्ठी पाहिली. वय दहा. लेक आठची आहे.

"कुणाचा तरी असेल," मावशी म्हणाली.

"आणि रफू करायला मी गेले होते वाटतं त्यांच्या घरी?"

मी स्वेटर नाकाला लावला. लेकीच्या मानेचा वास. तो पिंपात काही टाकवेना, कपाटात ठेवला.

पुढच्या मंगळवारी वय बारा. त्याच्या पुढच्या, चौदा. तोच रंग, तेच कोपर, तोच हिरवा दोरा. भीती वाटायची, खोटं कशाला बोलू? पण पिवळी पिशवी दिसली की जीव भांड्यात पडायचा. स्वेटर मोठा होतोय म्हणजे लेक मोठी होणार, एवढं मला कळत होतं.

मग दोन मंगळवार पिशवी आलीच नाही.

त्या पंधरा दिवसांत मी लेकीला रस्ता एकटीला ओलांडू दिला नाही. जरा खोकली की दवाखाना. "आई, तुला झालंय तरी काय?" म्हणून ती वैतागली. रात्री तिच्या नाकापुढे हात धरून बसायचे. चौदाच? एवढंच आयुष्य माझ्या पोरीला?

तिसऱ्या मंगळवारी पिशवी आली. आत मोठ्या बाईच्या मापाचा स्वेटर. कोपराला हिरवं रफू. मी खालीच बसले आणि भोकाड पसरलं. मावशी धावत आली. तिला सगळं सांगितलं, कपाटातले तिन्ही स्वेटर दाखवले. वेड्यात काढेल वाटलं होतं, पण तिने चारही स्वेटर टेबलावर ओळीने मांडले. छाटणीवालीचा डोळा तो.

"दहाचं रफू तुझं," ती म्हणाली. "बाकीची तुझी नाहीत. हे बघ, टाके डावीकडे झुकलेत. डाव्या हाताने घातलेत हे."

बाराच्या रफूत दोरा गुंतलेला होता, एके ठिकाणी लोकर ओढली गेली होती. चौदाचं जरा बरं. मोठ्या स्वेटरवरचं इतकं सफाईदार, की मलाही तसं जमलं नसतं.

मावशीने दहा आणि बाराच्या स्वेटरांमधल्या जागेवर हात ठेवला.

लेक जगणार होती. दहा आणि बाराच्या मध्ये कुठेतरी मी जाणार होते. मला हसू आलं की रडू, आजही सांगता येत नाही. चारही स्वेटर मी माझ्या हाताने लोकरीच्या पिंपात टाकले.

घरी आले तर लेकीने दप्तर फेकलं आणि कोपर पुढे केलं. बोटभर भोक. "आई, शिवून दे ना. उद्या घालायचाय."

"बस इथे. आज तू शिवायचं."

"मी? मला येत नाही!"

"म्हणूनच."

"पण तू आहेस ना!" ती खिदळली. "मी कशाला शिकू?"

मी सुईत हिरवा दोरा ओवला आणि सुई तिच्या डाव्या हातात दिली.