शिंगातली लोकर

मालनबाईंनी मेलेली शेळी बंगल्याच्या फाटकासमोर खाली ठेवली. आधी मान टेकवली, मग धड, मग चारही पाय एका बाजूला नीट केले. मग फाटकाची कडी वाजवली.

"साहेब, बाहेर या."

रंगनाथ अंगणात बॅरनचे दात घासत होते. रविवारी श्वानप्रदर्शन होतं. बॅरन या त्यांच्या डॉबरमनला दोन सर्टिफिकेटं मिळाली होती, तिसरं मिळालं की तो चॅम्पियन होणार होता. ब्रश हातात धरूनच ते फाटकाशी आले.

"हे काय आणलंत?"

"तुमच्या कुत्र्यानं केलेलं काम. पहाटं, कॅनॉलच्या कडंला."

"बघितलंत तुम्ही?"

"बघितलं न्हाई. वरडणं ऐकून पळाले, तवर खेळ खलास. पन हे तिच्या शिंगात गुतलं हुतं." मालनबाईंनी मूठ उघडली. तळहातावर मरून रंगाच्या लोकरीचा वीतभर धागा होता.

रंगनाथांनी ब्रशच्या दांड्याने तो उचलला, पाहिला आणि खाली टाकला.

"तुळशीबागेत पोत्यानं मिळते ही लोकर. आमचा कुत्रा साखळीशिवाय बाहेर पडत नाही. तुमच्याच त्या काळ्याला विचारा."

"बुक्क्याला? चार वर्सं शेरडं राखतोय त्यो माजी."

"चटक लागली की घरचं-बाहेरचं कळत नाही त्यांना. लहान मुलं खेळतात इथं. मी पालिकेला कळवतोय, घेऊन जातील."

मालनबाईंनी वाकून शेळी खांद्यावर घेतली.

"मी पैशे मागाया आले नव्हते, साहेब. दोन पिल्लं हायेत हिची, बावीस दिसांची. त्यास्नी सांगते, सायबांनी पालिकेला कळवलंय म्हून."

व्हरांड्यात रंगनाथांची बायको ललिता विणत होती. तिने मान वर केली नव्हती, पण सुया थांबल्या होत्या. सुलट सतरा टाके झाले होते, पुढचा कितवा ते तिला आठवेना. रंगनाथ बॅरनला घेऊन आत गेल्यावर ती फाटकापाशी गेली आणि फरशीवरचा धागा उचलून तिने मुठीत धरला.

खिडकीच्या उजेडात धागा पाहायला तिला अर्धं मिनिटही लागलं नाही. उसवलेल्या लोकरीसारखा तो नागमोडी होता. म्हणजे तो गुंड्यातून सुटलेला नव्हता, विणलेल्या वस्तूतून ओढला गेला होता. एका टोकाकडून तो गडद मरून होता आणि मधोमध, बोटाच्या पेराएवढ्या जाडसर भागानंतर, थोडा फिका.

तो जाडसर भाग तिचा होता. गुंडा संपला की ती गाठ मारत नसे. दोन्ही टोकं पिंजून, थुंकी लावून तळहातावर चोळायची, की ती एकजीव होतात. तिच्या आईने शिकवलं होतं.

बॅरनचा कोट विणताना दिवाळीत लोकर कमी पडली होती. रंगनाथ लक्ष्मी रोडला निघाले होते, म्हणून तिने जुन्या गुंड्यावरची कागदी पट्टी त्यांच्या खिशात घातली आणि बजावलं, रंगाचा नंबर बघा आणि लॉट नंबरही बघा. त्यांनी रंगाचा नंबर पाहिला. लॉट निराळा निघाला. एकाच रंगाची लोकर वेगवेगळ्या वेळी रंगवली की छटा बदलते. कोटावर बरगड्यांच्या खाली एक आडवी रेघ उमटली.

"बदलून आणा ना."

"अगं, कुत्र्याला काय कळतंय?"

कुत्र्याला कळत नव्हतं. तिला रोज दिसत होतं.

कोट मोरीत बादलीमागे गोळा करून टाकला होता. तिने तो पसरला. त्या रेघेवरच, उजव्या बाजूला, रुपयाएवढं भोक होतं आणि त्यातून दोन टोकं लोंबत होती. एक गडद, एक फिकं. तिने शेळीच्या शिंगातला धागा त्यांच्यामध्ये ठेवला. गडद गडदाकडे आला, फिका फिक्याकडे.

मोरीची फरशी ओली होती. बॅरनची आंघोळ शनिवारी असे. आज गुरुवार होता.

मुलगा तेजस वाय-टू-केच्या संगणकी कामासाठी अमेरिकेत गेला आणि त्याच वर्षी कंपनीने रंगनाथांना व्हीआरएस देऊन मुदतीआधी घरी बसवलं. बॅरन त्यानंतर आला. पहाटे साडेपाचला त्याला घेऊन ते निघत. ललिता अंथरुणातच असे. साखळीचा आवाज जिन्यावर, अंगणात, मग रस्त्यावर येई आणि कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरपाशी थांबे. तिथे ते साखळी सोडत. हे तिला चौदा महिने ऐकू येत होतं आणि चौदा महिने ती कूस बदलून झोपत होती.

शुक्रवारी सकाळी रंगनाथांनी टेबलावर कागद ठेवला. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणून त्यांनी केलेला अर्ज होता. 'सदर कुत्रे पिसाळलेले असून'. खाली साक्षीदार म्हणून ललिताचं नाव.

"सही करून ठेव. उद्या दहा वाजता गाडी येतेय. आणि कोटाचं ते भोक तेवढं भर. रविवारी सकाळी मैदानावर गारठा असतो, अंग आखडलं की चाल बिघडते त्याची."

"कशानं पडलं भोक?"

"तारेत अडकला असेल."

तिने धागा अर्जावर ठेवला. दोन्ही छटा दिसतील असा, सरळ ताणून.

रंगनाथांनी चष्मा लावला, काढला, पुसला.

"हे बघ ललिता. झालं ते झालं. मी काय मुद्दाम केलं? एका हाकेवर येतो तो एरवी."

"आणि तिचं कुत्रं?"

"गावठी कुत्रं ते. दुसरं पाळेल. इथं चौदा महिन्यांची मेहनत आहे माझी. एका शेळीपायी त्याला खुनी ठरवू?"

"शेळीपायी नका ठरवू. पण खोट्यावर माझी सही कशाला हवी?"

"कारण तू माझी बायको आहेस."

"हो का? मला वाटलं साक्षीदार."

त्यांनी पेन टोपण काढून तिच्या हाताजवळ ठेवलं आणि ते बॅरनच्या नखांकडे वळले. ती कागदापाशी उभी राहिली. तिचे कान तापले होते. राग आला की तिचे टाके घट्ट पडतात, हे तिला माहीत होतं. एरवी चार इंचाला बावीस टाके बसत, रागात पंचवीस. या घरातले सगळे स्वेटर तिने एकदा मोजून पाहिले होते. कुठल्या वर्षीचा कुठला, ते पट्टी लावून सांगता आलं असतं.

दुपारी रंगनाथ झोपल्यावर तिने लहान कात्री घेतली.

रेघेवरच्या ओळीतला एकच टाका कापला आणि सुईच्या टोकाने धागा ओढत नेला. एकेक टाका मोकळा होत गेला. पलीकडच्या कडेला धागा सुटला तेव्हा कोटाचे दोन तुकडे तिच्या मांडीवर होते, एक गडद, एक फिका. विणायला तिला अडीच आठवडे लागले होते. वेगळे व्हायला दहा मिनिटं लागली. मोकळे टाके तिने सुयांवर घेतले, बंद केले, पोटाखालून बांधायला प्रत्येकाला दोन दोन पट्टे लावले. भोक अर्धं इकडे गेलं, अर्धं तिकडे. ते तिने तसंच ठेवलं.

मालनबाईंची पत्र्याची शेड रिकाम्या प्लॉटच्या टोकाला होती. हा प्लॉट आणि शेजारची सोसायटी, दोन्ही एकेकाळी त्यांच्या सासऱ्यांची शेती होती. बुक्का भुंकला, मग वास घेऊन बाजूला झाला. मालनबाई एका पिल्लाला बाटलीने दूध पाजत होत्या.

"साहेबांनी धाडलं?"

"नाही."

ललिताने तुकडे पुढे केले आणि त्यांवर धागा ठेवला. मालनबाईंनी धाग्याकडे पाहिलं, भोकाकडे पाहिलं. त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

"कालच व्हरांड्यात बसला हुतात तुमी."

"हो."

"तवा तोंडात सुया धरल्या हुत्या काय?"

ललिताने दुसऱ्या पिल्लाला जवळ घेऊन पट्टे बांधले. पिल्लू थरथरत होतं. त्याचं हृदय तिच्या बोटांखाली इतकं जलद चालत होतं की मोजता येईना.

"ढिला हाय," मालनबाई म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "वाढंल त्यात."

शनिवारी दहाला गाडी आली. फाटकाबाहेर रंगनाथ होते, सोसायटीतले चार-पाच जण होते. अर्ज रंगनाथांच्या हातात होता, साक्षीदाराची जागा कोरी. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं.

"कुठलं कुत्रं, काका?"

समोरून मालनबाई येत होत्या. पाठीमागे बुक्का, त्याच्या पायांत घोटाळणारी दोन पिल्लं. एकाच्या पाठीवर गडद मरून, दुसऱ्याच्या पाठीवर फिका.

"अहो, हा तर बॅरनचा कोट!" सोसायटीतलं कुणीतरी हसत म्हणालं. "वहिनी, कुत्र्याचा शेळ्यांना दिलात होय?"

व्हरांड्यातून ललिता म्हणाली, "त्यांच्याकडेच राहिला होता थोडा. बाकीचाही दिला."

हसणारा पुन्हा हसला, मग त्याने पिल्लाच्या पाठीवरच्या भोकाकडे पाहिलं आणि रंगनाथांकडे. इतर कुणी हसलं नाही.

"काका, कुठलं कुत्रं? अजून तीन ठिकाणी जायचंय."

रंगनाथांनी अर्जाची घडी घातली. त्या घडीची आणखी एक घडी घातली.

"चुकून तक्रार गेली," ते म्हणाले.

मालनबाई त्यांच्यापाशी थांबल्या नाहीत. जाता जाता म्हणाल्या, "ऊब हाय हां कोटाला, साहेब. कुत्र्याला सवय झाली असंल."

रविवारी पहाटे ललिता जागी होती. जिन्यावर साखळी वाजली, अंगणात वाजली, रस्त्यावर आली. ट्रान्सफॉर्मर आला. साखळी वाजत राहिली, कॅनॉलपर्यंत, आणि मग कॅनॉलच्या बाजूनेही.

ती उठली, दिवा लावला आणि तेजसच्या स्वेटरचं अर्धवट विणकाम मांडीवर घेऊन त्यावर पट्टी ठेवली. चार इंच. तिने दोनदा मोजले.

सत्तावीस.