मागची गल्ली

किराणावाल्या शेठची उधारी गळ्याशी आली, तसा मी त्यांचं दुकान टाळून मागच्या गल्लीनं माझ्या सलूनला जायला लागलो. शेठ तगादाही लावत नव्हते, त्याचाच जास्त राग यायचा. आज बायको म्हणाली, "थोडेच द्या, पण समोरून जा." गेलो. पहिला हप्ता ठेवला.

चोराच्या उलट्या बोंबा, मीच विचारलं, "केस कापायला येणं का सोडलंत?"

"आलो असतो, तर तू पैसे घेतले नसतेस. वर ओशाळला असतास."

"उद्यापासून या. कटिंगचे पैसे उधारीत वळते करा."

शेठनी टोपी काढली. इस्पितळाच्या औषधांनी डोक्यावर एक केस ठेवला नव्हता.

"उशीर केलास रे," ते म्हणाले.