दूध डेअरीच्या जनरेटरवरचा डीजे

चकलांब्याजवळच्या वाडीत बायकांची एक सहकारी दूध संस्था होती. २०१९च्या फेब्रुवारीत एका सकाळी तिथे सगळ्या मिळून अठरा लिटर दूध आलं. अध्यक्ष मुक्ताबाईंनी ते मापून घेतलं, कॅनवर झाकण बसवलं आणि बायडाबाईला म्हणाल्या, "टाकी बंद कर. एवढ्यासाठी थंड करायला डिझेल जाळायचं कावून?"

बायडाबाई संस्थेत दुधाचं फॅट तपासायची. वय बेचाळीस. घर मेंढपाळाचं. नवरा आप्पाराव दिवाळीपासून मेंढरं घेऊन पैठणच्या धरणाच्या फुगवट्याकडे गेलेला होता, कारण इकडे गवताची काडी उरली नव्हती. गावातल्या म्हशी सरकारी चारा छावणीत गेल्या होत्या आणि छावणीतला ओला-सुका ऊस खाऊन त्या जगत होत्या, दूध देत नव्हत्या. बायडाबाईने टाकी बंद केली, फॅटच्या मशिनवर फडकं टाकलं आणि दारातल्या दगडावर बसून राहिली.

मार्चमधल्या बैठकीत जनरेटरचा विषय निघाला. टाकीसाठी घेतलेला पाच केव्हीएचा जनरेटर नुसता उभा होता. लग्नात लोक तो भाड्याने न्यायचे आणि त्यावर गेवराईचा एक छोटा डीजे वाजायचा.

"जनरेटर आपला अन् मजा त्याची," सभासद छबुबाई म्हणाली. "डीजेच घिऊ की आपण."

बायका हसल्या. मुक्ताबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "वाजवील कोण?"

सगळ्यांनी बायडाबाईकडे बघितलं. गावात मशिनला हात लावणारी बाई तीच होती.

"मला न्हाई जमायचं, अक्का," बायडाबाई म्हणाली. "पोरांचं काम हाय ते."

"पोरं ऊस तोडाया गेल्यात. फॅटचं मशिन कुणी शिकवलं होतं तुला? कागद वाचून शिकलीस ना?"

नाही म्हणायलाही अंगात त्राण लागतं. तेवढं तिच्यात त्या दिवशी नव्हतं.

पुढच्या सोमवारी दोघी वडापच्या जीपने बीडला गेल्या. मुक्ताबाई साठीच्या, गुडघे दुखणाऱ्या. दर शंभर पावलांना थांबत होत्या. पहिल्या दुकानात भिंतीला लागून माणसाच्या उंचीचे स्पीकर रचलेले होते. दुकानदाराने दोघींकडे बघितलं, मग त्यांच्या मागे रस्त्यावर बघितलं.

"बरोबर कोण हाय? मुलगा कुठंय?"

"कुणाचा मुलगा?" मुक्ताबाईंनी विचारलं.

"वाजवणारा."

"ही वाजवणार हाय."

दुकानदाराने मान हलवली आणि मग सगळं मुक्ताबाईंनाच सांगू लागला. चार बेस, चार टॉप, वर फिरणारे लाइट, धूर सोडायचं मशिन. बेस वाजवून दाखवला तेव्हा काउंटरवरचा चहाचा कप सरकला. बायडाबाईच्या छातीत धडधडलं. तिने विचारलं, "ह्याला लाइट किती लागंल?" दुकानदार म्हणाला, "जनरेटर मोठा घ्या, मग चिंता न्हाई." जनरेटर संस्थेत आहे म्हणून तर आपण आलो, हे त्याला समजावून सांगायचा तिला कंटाळा आला.

दुसऱ्या दुकानात काचेच्या कपाटात दोन गोल चकत्यांचं एक चपटं यंत्र होतं. चकत्या बोटाने फिरवायच्या होत्या. बायडाबाईने हात पुढे केला, तर तिथला माणूस म्हणाला, "हात लावू नका, मावशी, नाजूक असतंय." तिसऱ्या दुकानापर्यंत मुक्ताबाईंना चालवलंच नाही. बसस्टँडवर दोघींनी पाण्याची बाटली घेतली आणि अर्धी अर्धी प्यायल्या. उन्हाने तोंडं काळवंडली होती.

"उगा आलो," मुक्ताबाई म्हणाल्या.

"व्हय," बायडाबाई म्हणाली.

परतताना गेवराईत जीप बदलावी लागायची. स्टँडच्या मागे एका पत्र्याच्या शेडवर 'स्पीकर दुरुस्ती' अशी पाटी होती. मुक्ताबाईंना सावली हवी होती, म्हणून दोघी तिथे टेकल्या. आत एक पन्नाशीचा माणूस फाटलेल्या स्पीकरचा कागद चिकटवत बसला होता. त्याचं नाव बिभीषण. मुक्ताबाईंनी काय हवंय ते सांगितलं, पण त्याने ऐकलंच नाही. मग तो जागेवरून फिरला आणि उजवा कान पुढे केला.

"इकडून बोला, मावशी. डावा गेलाय."

परत सगळं सांगितल्यावर त्याने आधी तीन प्रश्न विचारले. जनरेटर किती मोठा? वाजवायचं कुठं, मैदानात का गल्लीत? आणि सामान उचलणार कोण?

"आमीच," बायडाबाई म्हणाली.

"मग दोघींना उचलंल एवढाच स्पीकर घ्या. ज्यात अॅम्प्लिफायर आतच असतो, तसले दोन. वायरी कमी, भानगड कमी. तुमच्या जनरेटरवर निवांत चालतील. दोन चकत्यांचं छोटं मशिन, त्याला कंट्रोलर म्हणतात, अन् एक लॅपटॉप, जुना चालंल. पण हेडफोन मात्र चांगला घ्या. त्यात काटकसर करू नका."

"लाइट? धूर?"

"धूर कशाला, मावशी. फुफाटा कमी हाय का आपल्याकडं?"

मुक्ताबाई त्या दिवसात पहिल्यांदा हसल्या.

मागच्या फळीवर चादर टाकलेली दोन जड यंत्रं होती. बायडाबाईने विचारलं, हे काय. त्याने चादर काढली. औरंगाबादच्या एका हॉटेलातून घेतलेली टर्नटेबलं, खरी, तबकड्या लावायची. त्याने दोन तबकड्या चढवल्या, सुई टेकवली. एक गाणं चालू झालं. दुसरं त्याने नुसतं हेडफोनमध्ये लावलं आणि हेडफोन तिच्या हातात दिला.

"एका कानाला हे लावा, दुसरा कान मोकळा ठेवा. दोन्ही गाण्यांचा ठेका ऐका. कोणतं म्हागं पडतंय?"

तिने डोळे मिटले. "कानातलं," ती म्हणाली.

"मग चकतीला बोटानं पुढं ढकला. हळू."

तिने ढकललं. दोन ठेके एकमेकांपासून सुटत सुटत जवळ आले आणि क्षणभर एकच झाले. मग पुन्हा सुटले. ती बोटाने परत आणत राहिली. बिभीषण बघत होता.

"आधी कुठं शिकलात?"

"न्हाई. मेंढरं राखलीत. पाण्यावर दोन कळप मिसळले की घंटांवरून आपली वळखावी लागतात."

"हीच टर्नटेबलं घेऊ का?" मुक्ताबाईंनी विचारलं.

"न्हाई. सुई मिळत न्हाई, तबकड्या मिळत न्हाईत, धुळीत दोन महिने टिकायची न्हाईत. ह्याच्यावर शिका, पण घेऊ नका." मग तो बायडाबाईला म्हणाला, "रोज या. मला आता ह्याचा काही उपयोग न्हाई. एक कान हेडफोनला लागतो, एक स्पीकरला. माझ्याकडं एकच हाय."

बारा वर्षं तो डीजेच्या गाडीवर स्पीकरच्या भिंतीजवळ उभा राहिला होता. पुढे डाव्या कानात शिट्टी वाजू लागली, ती वाजत राहिली आणि एक दिवस तीही बंद झाली. हे त्याने कुणी पत्ता सांगावा तसं सांगितलं.

बायडाबाई अकरा दिवस गेवराईला गेली. पहाटे टँकरच्या रांगेत हंडे लावायचे, छावणीत म्हशीला चारा टाकायचा, मग जीप. दुपारी पत्र्याखाली बसून ठेके जुळवायचे. घामाने हेडफोन कानाला चिकटायचा. पाचव्या दिवशी तिला वाटलं, हे आपल्याच्याने होणार नाही, आणि ती यंत्रासमोर बसून नुसती रडली. बिभीषणने स्पीकर चिकटवायचं काम चालू ठेवलं. थोड्या वेळाने म्हणाला, "पाणी प्या." ती प्यायली आणि पुन्हा बसली.

सामान आणायच्या आधी गावात वाद झालाच. छबुबाईचा दीर उत्तरेश्वर बैठकीत येऊन म्हणाला, "आवाज न्हाई तर डीजे कसला? लोक हसतील." दोनतीन बायकांनाही तसंच वाटत होतं. मुक्ताबाईंनी बायडाबाईला विचारलं.

"मोठं आणलं तर जनरेटर दम टाकील," ती म्हणाली. "अन् उचलायला मला माणसं मागावी लागतील. मागं दुधाच्या कॅनला माणसं मागत होतो का आपण?"

एवढ्यावर ठरलं. संस्थेच्या शिल्लकीतले पैसे घेऊन बिभीषण स्वतः बीडला गेला आणि त्याने सांगितलं तेच सामान आलं.

पहिलं काम छावणीतच मिळालं. दुष्काळात बऱ्याच जणांना वेगळं लग्न झेपत नव्हतं, म्हणून मेच्या दुसऱ्या आठवड्यात छावणीजवळच्या मैदानात सात जोडप्यांचं सामुदायिक लग्न ठरलं. दुपारी साडेबाराचा मुहूर्त. बायडाबाई आणि छबुबाईने स्पीकर उचलून स्टँडवर चढवले. बिभीषण आला होता. तो उजवा कान मंडपाकडे करून खुर्चीत बसला.

अक्षता पडल्या आणि तिने पहिलं गाणं लावलं. दुसरं गाणं आत आणताना ठेका थोडा सुटला, पण कुणाच्या लक्षात आलं नाही. पोरं नाचू लागली. तिसऱ्या गाण्याला उत्तरेश्वर दोघातिघांना घेऊन टेबलाशी आला.

"बेस वाढव, काकी. मेल्यावानी वाजतंय."

तिने थोडा वाढवला. तेवढ्यात तिचं लक्ष पलीकडे गेलं. मंडपामागे जनावरांची पहिली रांग होती. खिलारी बैलांनी कान टवकारले होते. कडेची एक गाभण म्हैस दावणीला हिसके देत होती आणि तिचा खुंटा हलत होता. बायडाबाईने बेस पार खाली आणला.

"ए, कमी कावून केला?" उत्तरेश्वरने बटणाला हात घातला.

तिने त्याचा हात धरला आणि दुसऱ्या हाताने हेडफोन गळ्यात उतरवला. "ती म्हैस बघ. आठ महिने झालेत तिला. खुंटा उपटला तर मंडपातून जाईल. धरशील का तू?"

"थोड्या वेळाचा तर प्रश्न हाय."

"माझं मशिन हाय. मी न्हाई वाढवणार."

तिच्या आवाजात राग नव्हता. दिवसभर राबलेल्या माणसाचा आवाज होता तो, आणि त्याच्याशी भांडून उपयोग नव्हता. उत्तरेश्वर शिव्या देत निघून गेला. त्याच्यामागे निम्मी पोरंही गेली आणि मैदान एकदम मोकळं दिसू लागलं.

बायडाबाईला वाटलं, संपलं आपलं. तिने दोन्ही स्पीकर जनावरांकडे पाठ करून फिरवले आणि जुना, संथ ठेका असलेलं एक गाणं लावलं. थोडा वेळ कुणी उठलं नाही. मग एका नवरीची आजी उठली, पदर खोचला आणि एकटीच गोल फिरू लागली. तिच्यामागे ऊसतोडीवरून परतलेल्या चारपाच बायका उठल्या. त्यांच्या पायांची चाल जड होती, पण ठेक्यावर होती. बायडाबाईने पुढचं गाणं त्यात अलगद मिसळलं. या वेळी ठेका सुटला नाही. बायकांना गाणं बदललेलं कळलंसुद्धा नाही.

बिभीषणने मान डोलावली. मग हात वर करून विचारलं, "डावा स्पीकर चालू हाय ना? मला इकडून कळत न्हाई."

"चालू हाय," ती म्हणाली.

चार वाजता सगळं आटोपलं. उत्तरेश्वरने गावभर सांगितलं की बायकांच्या डीजेला आवाज नाही, आणि ठरलेलं एक काम त्यामुळे गेलं. पण छावणीतल्या दोन घरांनी आपापल्या लग्नांसाठी तिलाच बोलावलं. जनावरं जवळ बांधलेली होती आणि त्यांना तसाच आवाज हवा होता.

लग्नाच्याच दिवशी संध्याकाळी मुक्ताबाई मैदानात आल्या तेव्हा बायडाबाई जमिनीवर वायरी गुंडाळत बसली होती. तिच्यासाठी पानावर वाढून ठेवलेली बुंदी अजून तशीच होती.

"खाल्लं न्हाईस?"

"हात उचलत न्हाईत, अक्का."

मुक्ताबाई गुडघे धरून तिच्याशेजारी खाली बसल्या. बुंदीचं पान मांडीवर घेतलं, एक घास तिला भरवला, एक स्वतः खाल्ला. समोर टँकर आला होता आणि हंडे घेऊन लोक पळत होते. दोघींपैकी कुणीच उठलं नाही.

"उद्याला कुठंय?" मुक्ताबाईंनी विचारलं.

"उद्या काही न्हाई. परवा छावणीतल्या तुळजाबाईच्या नातीचं लगीन हाय."

"मग उद्या झोप," मुक्ताबाई म्हणाल्या आणि तिच्या हातातली वायर काढून घेऊन स्वतः गुंडाळू लागल्या.