भिंतीपलीकडची हाक

पायात चप्पल अडकवत दिपालीनं दाराला कुलूप लावलं आणि ती पळत सुटली. ऑटोवाल्याचा फोन आला होता. शाळेसमोरच ऑटो बंद पडला. बाकीची पोरं थांबली, तिची अक्षरा मात्र कुठं दिसंना.

शाळा खरं तर त्यांच्या घरामागेच होती. पण मध्ये कॉलनीची भिंत. रस्त्यानं जायचं तर लातूर रोडवरून दोन किलोमीटरचा वळसा. विष्णुपुरीकडून वाळूचे हायवा ट्रक सुसाट येत होते. कडेला चालायला वीतभर जागा नव्हती. नऊ वर्षांची पोर या रस्त्यानं एकटी निघाली असेल तर? धुळीचा प्रत्येक लोट ओसरला की दिपाली रस्त्याची कड डोळ्यांनी धुंडाळत होती.

शाळेच्या वॉचमननं भिंतीलगतच्या पत्र्याच्या घरांकडं बोट दाखवलं. ती पहिल्या गल्लीत शिरली. गल्ली भिंतीपाशी संपली. दुसरीही तशीच. तिसरीच्या तोंडाशी तिनं हाक मारली.

"अक्षरा!"

"आई? तू तिकडं कशी?"

आवाज भिंतीपलीकडून आला. दिपाली भिंतीकडं धावली.

"मी घरी आले. कुलूप हाय दाराला."

शेजारच्या घरातून एक म्हातारी बाहेर आली. तिच्या हातात बांबूची शिडी होती.

"तुम्ही अक्षराची आई व्हय? मी सरजाबाई. ऑटो नसला की हितूनच जाते पोर. मी शिडी धरते."

"कधीपासून?"

"दिवाळीपासनं. तुम्ही रागवाल म्हणून सांगितलं नसंल तिनं. पर त्या रोडनं कसं जाऊ द्यावं, बाई?"

दिपाली शिडी चढली. भिंतीच्या आतल्या बाजूला, त्यांच्या कॉलनीत, विटांची थप्पी रचलेली होती. अक्षरा तिच्याशेजारी उभी होती.

"आई, विटांवर पाय ठेव. हलत न्हाईत त्या. आधी उडीच मारायला लागायची."

विटा परवाच आल्या होत्या. पलीकडची माणसं आत शिरतात, म्हणून रविवारी भिंत चार फूट वाढवायची होती. त्यासाठी कॉलनीतल्या विरूपाक्षकाकांनी घरोघर फिरवलेल्या अर्जावर तिसरी सही दिपालीची होती.

"उद्याबी पाठवा हिकडूनच," खालून सरजाबाई म्हणाली. "मी हाय."

"हाव," दिपाली कसंबसं म्हणाली.

ती भिंतीवरच बसली. फोन काढून तिनं विरूपाक्षकाकांचा नंबर लावला. रिंग जाऊ लागली. काय बोलायचं ते तिला ठाऊक होतं; अर्जावरची तिसरी सही आधी खोडायची होती.