माठातलं पाणी

आमच्या ह्यांना फोटोचं वेड होतं, आणि वेडातसुद्धा ह्यांची तऱ्हा निराळी. बाकीचे फोटोवाले माणसाला खुर्चीत बसवून 'हलू नका' म्हणायचे. हे काळ्या फडक्यातून डोकं बाहेर काढून गप्पाच मारत बसायचे, शेंगांच्या चटणीत लसूण किती घालावा असल्या. समोरचा माणूस कॅमेरा विसरला की हळूच खटका दाबायचे. "सावध माणसाचा फोटो म्हणजे नुसता सदरा," म्हणायचे. गिरणीतली कारकुनी सांभाळून हा उद्योग.

फोटोनं आयुष्य घटतं म्हणून माझी आई कॅमेऱ्याला भ्यायची. तिलाही ह्यांनी असंच गाठलं. गहू निवडता निवडता ती हसली आणि खटका पडला. माझा धाकटा भाऊ सिदू, त्याचं हसणं हुबेहूब तिचंच. चैत्रात आई आमच्याच घरी गेली. तिचा तेवढाच एक फोटो, तोही काचेवर, न धुतलेला. उन्हाळ्यात काच धुवायची तर माठातलं गार पाणी लागतं. पाणी कोमट झालं की काचेवरचा मसाला सायीसारखा सुटून येतो. "आईची काच दिवाळीनंतरच धुवू, धोका नको," हे म्हणाले.

महिन्याभरानं, तीस सालच्या वैशाखात, सोलापूरवर लष्करी कायदा आला. त्याच्या आधी आमच्या सज्जाखालून मिरवणूक गेली होती. सिदू सगळ्यांच्या पुढं, हातात झेंडा. सज्जात हे कॅमेरा लावून उभे. गप्पा मारायची गरजच पडली नाही, त्या दिवशी सगळेच स्वतःला विसरले होते. आता त्याच झेंड्यापायी लोकांना वर्षानुवर्षांची सक्तमजुरी होत होती. सिदू मात्र रोज गिरणीत जात होता, पळाला असता तर संशय आला असता.

एका दुपारी गोरा साहेब आणि फौजदार दारात उभे राहिले. कुणीतरी चुगली केली होती.

"मिरवणुकीचे फोटो काढलेत म्हनं तुमी. कुटं हायेत?" फौजदारानं विचारलं.

ह्यांनी डबा पुढं केला. न धुतलेल्या काचा सगळ्या सारख्या दिसतात. आई कुठली आणि सिदू कुठला, हे ह्यांनाही सांगता आलं नसतं. उन्हाळ्यात काचा धुवत नाहीत, असं ह्यांनी परोपरीनं सांगितलं. साहेबाला ती सबब वाटली. आत्ता, आमच्यासमोर सगळ्या धुवा, म्हणाला.

"अगं, पाणी आण," हे म्हणाले.

स्वयंपाकघरात माठ होता, ओलं फडकं गुंडाळलेला. परसात उन्हात तापलेलं घंगाळ होतं. आई एकदा गेली होती. सिदू अजून होता.

मी घंगाळातून बादली भरली. मग माठ उचलला आणि परसातल्या दगडावर फोडला.

ह्यांनी बादलीत हात घातला आणि माझ्याकडं पाहिलं. मी पदर दातांत धरला. बादली उचलून हे साहेबाबरोबर अंधाऱ्या खोलीत गेले. दार लागलं. मी भिंतीला टेकून देवाचं नाव घेत होते, तेही धड आठवत नव्हतं.

बाहेर आले तेव्हा साहेबाच्या हातात नुसत्या काचा होत्या, खिडकीला बसवाव्यात अशा. तो रागानं काहीतरी बोलला.

फौजदारानं बादलीत बोट बुडवलं. "पानी गरम कसं?"

"वैशाख हाय की," मी म्हणाले.

"घरात माठ न्हाय?"

"आई गेली माझी. मडकी फोडली."

घरात माणूस गेलं की मडकी फोडतात, हे त्यालाही ठाऊक होतं. तरी तो परसदारी गेला. खापऱ्यांखालची जमीन अजून ओली होती. तो तिथं नुसता बघत उभा राहिला.

"बाजार उघडला की नवा माठ घ्या, बाई," तो हळूच म्हणाला आणि साहेबाला घेऊन गेला.

दिवाळीला सिदू आला. "दाजी, आता तरी आईचा फोटो धुवा की."

"माझ्या हातनं बिघडला रे, पाणी गरम होतं," हे म्हणाले.

सिदू लई बोलला. एवढा शहाणा माणूस, पाणी गार का गरम तेवढंबी कळंना? मी तोंड उघडणार तोच ह्यांनी डोळ्यांनी दटावलं. सिदूच्या पोटात तीळ भिजत नाही, आणि राज्य अजून साहेबाचंच.

कॅमेऱ्याला ह्यांनी पुन्हा हात लावला नाही. पण सिदू घरी आला की अजून चटणीतल्या लसणाचा विषय काढतात, आणि तो हसेपर्यंत त्याच्या तोंडाकडं बघत बसतात.