आठवी गोधडी

एप्रिल लागला की नागावातली माणसं तीन काळज्यांत पडतात: आंबा, पाहुणे आणि पाण्याचा पंप. वेणूबाई मात्र गोधडी शिवायला बसत. अंगावरचा बनियनसुद्धा जड वाटावा अशा दिवसांत गोधडी कशाला, हा प्रश्न त्यांचे यजमान तुळशीराम यांनी लग्नानंतर दुसऱ्या वर्षी विचारला होता. तेव्हा जे उत्तर मिळालं, त्यानंतरची अडतीस वर्षं त्यांनी या विषयात जिज्ञासा दाखवलेली नाही.

बैठक मागच्या पडवीत असे. चटई, जुन्या लुगड्यांचा ढीग, सुईदोऱ्याची टोपली आणि समोर परस. परसात खार अर्धा चिकू खाऊन उरलेला अर्धा घरच्यांसाठी ठेवी. अकराच्या सुमारास मुंगूस विहिरीच्या कडेने, हजेरीपटावर सही राहिलेल्या कारकुनासारखं लगबगीने जाई. आणि अंजिरावर शिंपी पक्ष्याची जोडी असे. हा पक्षी चिमणीहून लहान, पण पान दुमडून चोचीने टाके घालतो आणि त्याच्या आत घरटं करतो. लागणारा दोरा-कापूस वेणूबाईंच्या टोपलीतून नेई. चोरीबद्दल त्यांची तक्रार नव्हती, कामाबद्दल होती.

"टाका बघा कसा घातलाय," त्या झोपाळ्यावरच्या तुळशीरामांना सांगत. "एक इथं, एक तिथं. उसवलं म्हणजे?"

"मग तू सांग त्याला," तुळशीराम पेपरामागून म्हणत.

वेणूबाईंचा स्वतःचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा, आणि दोन टाक्यांमधलं अंतरही तेवढंच. त्या माहेरच्या म्हसळ्याकडच्या. त्यांच्या आईची एक रीत होती: गोधडीचा शेवटचा कोपरा शिवून टाकण्याआधी आत तांदूळ घालायचे. गोधडीला घास द्यायचा. उपाशी गोधडी अंगावर घेऊ नये. आई चिमूटभर घालायची. वेणूबाईंचा हात मोठा, त्या मूठभर घालत.

यंदाची गोधडी सगुणेसाठी होती. म्हणजे दरवर्षीचीच. सगुणा शेजारीण, मधल्या गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, पलीकडची, चाळीस वर्षांची मैत्रीण. सात वर्षांपूर्वी तिचे यजमान गेले. घर एकदम मोठं झालं. तेव्हा वेणूबाईंनी तिला पहिली गोधडी नेऊन दिली होती. सगुणेने ती उराशी धरली आणि म्हणाली, "वेणू, ही अंगावर घेतली ना, की वाटतं, घरात कुणीतरी हाय."

माणसाला एवढं एक वाक्य मिळालं की ते वर्षभर पुरतं. वर्ष संपल्यावर पुन्हा लागतं. म्हणून पुढच्या अक्षय्यतृतीयेला दुसरी गोधडी, त्याच्या पुढच्या वर्षी तिसरी, अशा सात झाल्या. दर वर्षी सगुणा तेच म्हणे आणि वेणूबाईंचे डोळे दर वर्षी भरून येत. ही आठवी. अक्षय्यतृतीयेला चार दिवस होते, आणि तीन बाजू शिवून झाल्या होत्या.

त्या मंगळवारी सकाळी गडग्यापलीकडून आरडाओरडा ऐकू आला.

सगुणेच्या सुनेने, कल्पिताने, घराच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या होत्या. पुण्याच्या पाहुण्यांनी तक्रार केली, की माळ्यावर रात्रभर कुणीतरी फिरतं. कल्पिताने "निसर्ग" असं सांगून पाहिलं. पाहुणे म्हणाले, जाहिरातीत निसर्ग खिडकीबाहेर दाखवला होता. शेवटी तिने चांगदेवला बोलावलं. चांगदेवची पिठाची गिरणी, पण गावातले साप आणि इतर जनावरंही तोच धरी. त्यामुळे त्याने सोडलेला साप जंगलात जाताना थोडा पांढरा दिसे.

"अहो, त्यांना आपली शिडी द्या," वेणूबाई तुळशीरामांना म्हणाल्या.

"शिडी मोडलीय."

"काल तर तुम्ही नारळाच्या झावळ्या काढल्यात तिच्यावरून."

"त्यातच मोडली," तुळशीराम म्हणाले, आणि पेपर थोडा वर धरला.

शिडी धडधाकट होती. वेणूबाईंनीच ती गडग्यावरून पलीकडे दिली आणि मागून स्वतःही गेल्या. सगुणा दारातच आडवी आली.

"तू कशाला आलीस गो एवढ्या उन्हाची? जनावर चावरं असंल. घरी जा, मी सांगते मागनं काय ते."

"जनावर तुमच्यात आणि मी घरी बसू?"

चांगदेव वर चढला. माळ्याच्या फटीतून आधी त्याचे पाय दिसेनासे झाले, मग त्याचा आवाज आला.

"काकी, उदमांजर हाय! मादी गेली कौलावरून. चार पिल्लं हायत, डोळे मिटलेली. काय थाट हाय त्यांचा! गाद्या घालून झोपल्यात."

"गाद्या?" वेणूबाई खालून म्हणाल्या. "सगुणे, माळ्यावर गाद्या कुठल्या?"

सगुणा कौलांकडे बघत राहिली.

"गाद्या न्हायत, गोधड्या," वरून चांगदेवने दुरुस्ती केली. तो कामाचा चोख. "एक फाटलीय, त्यात पिल्लं हायत. बाकीच्या पिशव्यांत हायत अजून. दोन, तीन... सगळ्या मिळून सात."

वेणूबाईंचं वय एकसष्ट. गुडघ्याला पट्टा. डॉक्टरांनी जिना टाळायला सांगितलेलं. त्या शिडी चढून गेल्या. कोणी त्यांना अडवलं नाही, कारण अडवण्यासारखा त्यांचा चेहरा नव्हता.

माळ्यावर भात शिजल्यासारखा वास होता. उदमांजराच्या अंगाला तो असतो म्हणतात. कोपऱ्यात हिरव्या काठाची पहिली गोधडी उलगडून पडली होती आणि तिच्या घडीत चार करडी पिल्लं एकमेकांवर पाय टाकून झोपली होती. बाजूला सहा पिशव्या. अलिबागच्या कापडवाल्याच्या. वेणूबाईंनी ज्यांत गोधड्या घालून दिल्या होत्या, त्याच. तोंडाला त्यांनीच बांधलेली सुतळी होती, आणि गाठही त्यांचीच. उंदरांनी बऱ्याच पिशव्यांचे कोपरे कुरतडले होते, पण गाठी जशाच्या तशा.

सात वर्षं. सात वेळा तेच वाक्य.

त्या खाली उतरल्या. शेवटच्या पायरीवर थांबून पदर सारखा केला.

"पिल्लं गोजिरी आहेत," त्या म्हणाल्या आणि घरी गेल्या.

चांगदेवने कल्पिताला सांगितलं की पिल्लं हलवू नका, आई परत येईल, दीडेक महिन्यात आपणच निघून जातील. तोवर गोधड्यांना हात लावू नका, तिला पसंत पडल्यात. हे वाक्य तो जरा मोठ्याने बोलला. गडग्यापलीकडे ते ऐकू गेलं. सात वर्षांत मनापासून मिळालेली ती पहिली दाद होती.

तुळशीराम झोपाळ्यावरच होते. वेणूबाईंनी त्यांच्या हातातला पेपर काढून घेतला आणि घडी घालून बाजूला ठेवला. चाळीस वर्षांत हे दुसऱ्यांदा घडत होतं.

"तुम्हाला ठाऊक होतं."

"मला काय ठाऊक असणार?"

"शिडी मोडली नव्हती."

तुळशीराम माणूस साधा. त्यांना खोटं बोलता येतं, पण एकदाच. दुसऱ्या खोट्याला ते खऱ्यावर घसरतात.

"अगं, सगुणावहिनींना शिडी चढता येत नाही," ते म्हणाले. "मग दर वर्षी मीच वर ठेवून द्यायचो. नीट रचून ठेवायचो हं, फेकायचो नाही."

एकट्या मैत्रिणीने फसवलं असतं तर वेणूबाई नवऱ्याजवळ रडल्या असत्या. नवऱ्याने फसवलं असतं तर मैत्रिणीकडे गेल्या असत्या. ही सोय दोघांनी मिळून काढून घेतली होती. तुळशीरामांना त्या दुपारी आमटीभात मिळाला, पण आमटीत मीठ नव्हतं आणि त्यांनी ते मागितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सगुणेने कल्पिताच्या हाती फणसाची भाजी पाठवली. वेणूबाईंनी भाजी काढून घेतली, वाडगा घासला, पुसला आणि रिकामा परत पाठवला. ज्यांना आपल्याकडची रीत माहीत आहे त्यांना याचा अर्थ सांगायला नको. चाळीस वर्षांत गडग्यावरून एकही भांडं रिकामं गेलं नव्हतं. काही नसलं तर साखरेचे चार दाणे तरी असत. कल्पिताने वाडगा सासूपुढे ठेवला तेव्हा सगुणा त्यात बराच वेळ बघत राहिली म्हणे, तळाशी काहीतरी सापडेल अशा आशेने.

वेणूबाई शिवत राहिल्या. कोणासाठी, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. पण हातांना ते कोणी सांगितलं नव्हतं. शिवताना एकेक आठवे. थंडीत सगुणा म्हणाली होती, "तुझ्या निळ्या गोधडीनं वाचवलं बाय या वर्षी." निळी तर पिशवीत होती. गाठीसकट. मग वाचवलं कोणी? इतकं हुबेहूब खोटं बोलणारी माणसं आपल्या शेजारी राहतात आणि आपण त्यांना लोणच्याची फोड नेऊन देतो!

अक्षय्यतृतीयेला गोधडी पुरी झाली. आमरसाचं जेवण झालं. त्यांनी तिची घडी घातली, पिशवीत घातली, पुन्हा बाहेर काढली. आणि एकाएकी त्यांना वाटलं, ज्यांना कदर नाही त्यांना द्यायची कशाला? आपण घेऊ की अंगावर.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. वेणूबाईंनी आयुष्यात तीसेक गोधड्या शिवल्या होत्या आणि सगळ्या वाटून टाकल्या होत्या. त्या स्वतः थंडीत सोलापुरी चादर घेत, उन्हाळ्यात पंखा. आपल्या गोधडीखाली त्या कधी झोपल्याच नव्हत्या.

दुपारी अडीच वाजता, खोलीचा पंखा पाचवर ठेवून, त्या पलंगावर आडव्या झाल्या आणि आठवी गोधडी गळ्यापर्यंत ओढून घेतली.

पहिली दोन मिनिटं अभिमानात गेली. तिसऱ्या मिनिटाला गोधडीचं वजन कळलं. पाच लुगडी, दोन धोतरं आणि मधे एक जुनी चादर, म्हणजे कोणीतरी अंगावर बसल्यासारखंच. पाचव्या मिनिटाला पाठीला घाम आला. सातव्याला टाके टोचायला लागले. इतके दाट टाके, की कापड पुठ्ठ्यासारखं ताठ झालं होतं आणि दुमडायला तयार नव्हतं. मानेपाशी कोपरा आला होता, आणि त्यातले मूठभर तांदूळ गळ्याला रुतत होते.

माझ्याच हातची, आणि तीही अशी वागते, असं त्यांच्या मनात आलं. आता ती भिरकावून द्यावी म्हणून त्यांनी हात वर केला, तेवढ्यात मागच्या दारातून हाक आली.

"वेणू, झोपलीस?"

हात खाली गेला. गोधडी पुन्हा गळ्यापर्यंत आली.

सगुणा आत येऊन उभी राहिली. पलंगाकडे बघितलं, गोधडीकडे बघितलं, वेणूबाईंच्या कपाळावरच्या थेंबांकडे बघितलं.

"बरं न्हाय काय?"

"चांगली आहे मी. जरा ऊब घेते."

"अच्छा," सगुणा म्हणाली आणि स्टुलावर बसली. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "पैली मी घेतली होती. खरंच घेतली होती. आठ दिवस. तुझ्या त्या तांदळासाठी उंदीर आला पलंगावर. कोपरा कुरतडला, आणि मग माझा अंगठा. अलिबागला जाऊन सुया घेतल्या मी. तुला म्हटलं, उंबऱ्याला ठेचकाळले."

वेणूबाईंना तो पट्टी बांधलेला अंगठा आठवला. त्यावर त्यांनी स्वतः हळद लावली होती.

"मग सांगायचंस. तांदूळ नको म्हणायचंस."

"तुझ्या आईची रीत. कशी सांगू?"

"आणि बाकीच्या सहा?"

"एकदा छान म्हटलं ना गो, की मग मागं येता येत न्हाय," सगुणा म्हणाली. "दुसरी आणलीस तेव्हा सांगणार होते. तू रडायलाच लागलीस."

"खोटारडी."

"व्हय."

"सात वर्षं."

"व्हय म्हटलं ना. आता काय गळ्यात पाटी बांधून फिरू?"

वेणूबाईंच्या डोळ्यांत घाम गेला होता. त्यांनी तो पुसला. सगुणेला वाटलं त्या रडतात, आणि वेणूबाईंनी तिला तसं वाटू दिलं.

"एवढी गळ्यापर्यंत कशाला ओढलीस गो ती?" सगुणा म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर काळजीशिवाय काही दिसत नव्हतं. "थंडी वाजते काय?"

"वाजते."

"मग हा पंखा कशाला?"

ती उठली आणि तिने बटण बंद केलं. पंखा आणखी सात-आठ फेरे घेऊन नाइलाजाने थांबला. बाहेर परसात साळुंक्या भांडत होत्या, त्यांचं भांडण स्पष्ट ऐकू येऊ लागलं.

सगुणा पुन्हा बसली. तिच्याही ब्लाउजची पाठ भिजली होती. वेणूबाई छताकडे बघत होत्या. पंखा लाव, एवढं म्हटलं की संपलं. पण मग ही जिंकणार. सात गोधड्या माळ्यावर टाकून वर ही जिंकणार! त्यांनी हनुवटी आणखी आत घेतली.

पाच मिनिटं गेली. बहुधा जास्तच.

"सरक," सगुणा म्हणाली.

"कशाला?"

"सरक म्हणते ना."

ती पलंगावर चढली, गोधडीचं टोक उचललं आणि आत शिरली. दोघी उताण्या, खांद्याला खांदा लावून, चटके बसावेत अशा उकाड्यात पडून राहिल्या. सगुणेने एकदा पाय बाहेर काढायचा प्रयत्न केला.

"पाय आत," वेणूबाई म्हणाल्या.

पाय आत गेला.

वेणूबाईंनी तिला माफ केलं नव्हतं. इतक्यात करायचा विचारही नव्हता. त्यांनी फक्त आपल्या अंगावरची अर्धी गोधडी काढली आणि तीही सगुणेच्या अंगावर नीट दुहेरी करून घातली.