आधी कुणाकडं जाल?

प्रश्न

सोमवारची सकाळ. चार फोन एकदम येतात. फी काउंटरचं नेट गेलंय आणि रांग फाटकाबाहेर पोचलीय. ग्रंथालयातला कॉम्प्युटर पुस्तकं नोंदवून घेत नाही. प्राचार्यांचा प्रिंटर कागद गिळतोय. आणि ऑफिसातले एक जुने कारकून पासवर्ड विसरलेत, पुन्हा. तुम्ही एकट्याच आहात. आधी कुणाकडं जाल?

उत्तराआधीचं

उत्तर क्षमाला येत होतं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी आलं असतं. ती अडली ती शेवटच्या शब्दापाशी. जाल. पाच वर्षांत ती कुणाकडं गेलीच नव्हती.

धाराशिवात भाड्याच्या एका खोलीत बसून ती हैदराबादच्या कंपनीचं काम करायची. कुठकुठल्या दुकानांची बिलं करणारी मशीनं अडायची, दुकानदार लिहून तक्रार करायचे, ती लिहून उत्तर द्यायची. मशीन चालू झालं की समोरचा अंगठा पाठवायचा आणि नाहीसा व्हायचा. कंपनीचं ऑफिस तिनं फोटोत पाहिलं होतं. साहेबाचा चेहरा फोटोतसुद्धा नाही.

भूमला घरी नेट टिकत नव्हतं म्हणून ही खोली. तिचे वडील, मच्छिंद्र, एसटीत कंडक्टर होते. जन्म माणसांच्या गर्दीत, तिकीट-तिकीट करत गेलेला. त्यांना लेकीच्या नोकरीचं भारी अप्रूप. ना धक्का ना धूळ, घरबसल्या पगार, असं ते चावडीवर सांगत. आज ती मुलाखतीला आली आहे हे तिनं त्यांना सांगितलंच नव्हतं. काय म्हणून सांगणार? की दादा, मला धक्का पाहिजे?

एकदा दुपारी पार्सलवाल्यानं दार वाजवलं. ‘कोण?’ म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही. घसा बसला नव्हता, दुखत नव्हता. सकाळपासून वापरलाच नव्हता, एवढंच. पार्सल घेऊन ती तशीच दारात उभी राहिली, आणि मग आत जाऊन तिनं या कॉलेजला अर्ज केला.

पगार कमी होता. पण कॉलेजला व्हरांडे होते. माणसं ये-जा करतात अशा खोलीत एक खुर्ची, याहून जास्त तिला काही नको होतं.

उत्तर, पहिलं

समोर तिघं. संस्थेचे शिवलिंगप्पा सर, उमरग्याकडचे, डोक्याचे केस पार पांढरे. ऑफिस सांभाळणाऱ्या हर्षाली मॅडम. आणि प्रश्न वाचणारे सोमेश सर, कॉम्प्युटर शिकवणारे, वयानं तिच्याहून लहान.

ती म्हणाली, आधी फी काउंटर, कारण तिथं सगळ्यात जास्त माणसं अडलीत. मग ग्रंथालय, तिथं तोवर वहीत नोंद करता येईल. मग पासवर्ड, ते काम छोटं, पण त्याशिवाय त्या कारकुनांचा दिवस वाया जाणार. प्रिंटर शेवटी, कारण प्राचार्यांचे कागद शेजारच्या ऑफिसातून छापून येतील. हुद्दा बघायचा नाही, अडलेलं काम बघायचं. आणि ज्यांना थांबायला लावलं त्यांना लगेच सांगायचं की किती थांबावं लागेल. न सांगता थांबवलं की माणूस चिडतो.

सोमेश सरांनी मान डोलावली. हर्षाली मॅडमनी काहीतरी लिहून घेतलं.

मध्येच

दार ढकलून एक बाई आत आल्या. पदर कमरेला खोचलेला, हातात रिकामा ट्रे.

“सोमेश सर, फिजिक्सवाल्यांनी बोलवलंय. चहा ओतलाय.”

“मावशी, इथं मुलाखत चाललीय.”

“मग निवून जाईल की.”

सोमेश सरांनी शिवलिंगप्पांकडं बघितलं. दाराकडं बघितलं. आणि उठले. खरोखर उठले, क्षमाकडं बघून ओशाळं हसले आणि त्या बाईंच्या मागं निघून गेले.

मधल्याचं स्पष्टीकरण

“बघितलंत?” शिवलिंगप्पा म्हणाले. “हाच आमचा रोग.”

मग त्यांनी सांगितलं ते असं. या कॉलेजात कुणी कुणाला फोन करून बोलवत नाही. फोन करणं म्हणजे हुकूम सोडल्यासारखं वाटतं. माणूस पाठवतात, म्हणजे बहुतेक वेळा या शांतम्मालाच, आणि माणूस पाठवायच्या आधी चहा ओततात. ओतलेला चहा टाकून उठणं म्हणजे त्या विभागाच्या तोंडावर दार लावणं. आधीचा कॉम्प्युटरवाला, नंदीश, गुणी पोरगा होता. पण त्याचा दिवस कोण चालवायचं? ज्याची किटली आधी उकळेल तो. प्रवेशाच्या दिवसांत फी काउंटर बंद पडलं, पोरं उन्हात उभी, आणि हा मेकॅनिकलच्या खोलीत बशी हातात घेऊन बसलेला. का, तर त्यांनी दुसऱ्यांदा ओतला होता. तिथून निघाला तर सिव्हिलवाल्यांनी जिन्यातच गाठला.

“ॲसिडिटी झाली होती त्याला,” हर्षाली मॅडम म्हणाल्या. “डॉक्टरनं चहा बंद केला, तर लोक दूध पाठवायला लागले.”

तिघंही हसले. क्षमा सगळ्यात जास्त वेळ हसली. हसताना तिला नंदीश दिसत होता: जिन्यात अडवलेला, दोन्ही बाजूंनी हाताला धरून ओढला जाणारा, कपाळावर आठ्या. तिला कुणी जिन्यात अडवल्याला किती दिवस झाले होते कुणास ठाऊक.

तिनं विचारलं, आता कुठं असतात ते?

लातूरला, हर्षाली मॅडम म्हणाल्या. मोठ्या दवाखान्यात नोकरीला लागला. अजून शांतम्माला फोन करतो.

पगार, खोली, अटी

सोमेश सर ओठ पुसत परत आले. शिवलिंगप्पांनी त्यांच्याशी दोन शब्द हलक्या आवाजात बोलून घेतले आणि खुर्ची पुढं ओढली.

म्हणाले, लपवून ठेवत नाही. आजवर आलेल्यांत उत्तर तुमचंच नीट. आम्ही आता सगळी पद्धत बदलतोय. तक्रार फक्त पोर्टलवर लिहायची. फोन नाही, निरोप नाही. काम करणाऱ्यानं आपल्या जागेवरून, स्क्रीनवरच दुरुस्ती करायची. वायर तुटली तरच उठायचं, तेही आमच्या परवानगीनं. जागा मागच्या स्टोअरवर, दुसऱ्या मजल्यावर. जिन्याला जाळीचं दार बसवलंय. आतून कडी.

“कुणी त्रास द्यायला येणार न्हाय,” ते म्हणाले. “शांतम्मालासुद्धा सांगितलंय, तिकडं फिरकायचं न्हाय.”

“आणि तुम्हाला एकटीनं काम करायची सवय आहे,” हर्षाली मॅडम म्हणाल्या. “तुमच्या अर्जात मला तेच आवडलं.”

त्यांनी हे मनापासून म्हटलं होतं. क्षमाला तेच जास्त लागलं.

उत्तर, दुसरं

तिनं विचारलं, मघाचं उत्तर बदललं तर चालेल का.

सोमेश सर म्हणाले की बरोबर आलेलं कशाला बदलता. शिवलिंगप्पांनी हातानं त्यांना थांबवलं.

ती म्हणाली, क्रम तोच. आधी फी काउंटर. पण मी चालत जाईन. वाटेत ग्रंथालयाच्या दारात उभी राहून सांगेन, की येते. कारकुनांच्या टेबलाशी थांबेन. मला फी काउंटरच्या शेजारी बसवा, तिथं कोपरा असला तरी पुरे. लोकांना बोलवायला येऊ द्या. आलेल्याला मी तोंडावर सांगेन, तुमचा नंबर तिसरा. भांडले तर भांडू द्या. भांडण मला झेपेल.

“आणि चहा?” शिवलिंगप्पांनी विचारलं.

“चहा शेवटी,” क्षमा म्हणाली. “काम झाल्यावर. पण चहा पाहिजे, सर.”

शिवलिंगप्पा तिच्याकडं बघत राहिले, पोटच्या लेकीकडं बघावं तसं, आणि तिला क्षणभर वाटलं की जमलं.

“मॅडम, नंदीशसुद्धा असंच म्हणायचा,” ते म्हणाले. “चहा शेवटी. पहिल्या आठवड्यात. तुम्ही चांगल्या आहात, म्हणून तर तुम्हाला कुणी सोडणार न्हाय. पोर्टल घेतलंय, जाळी बसलीय. खोली मागचीच राहील. यायचं असंल तर एक तारखेपासून या.”

ते चुकीचं बोलत नव्हते. आपल्या खोलीत बसून तिनं त्यांची तक्रार वाचली असती तर तिनंही हेच सुचवलं असतं.

“एकटीची खोली माझ्याकडं हाय, सर,” ती म्हणाली. घरची बोली तोंडात आली ते तिच्या ध्यानातही आलं नाही. “ती सोडायला आले होते.”

हर्षाली मॅडमनी पेनाला टोपण लावलं. शिवलिंगप्पा उठून दारापर्यंत आले, विचार करा म्हणाले, आणि दार तिच्यासाठी उघडं धरून उभे राहिले. व्हरांड्यात कुठला तरी तास सुटला होता. पोरं अंगावरून गेली, एकाची बॅग तिच्या दंडाला घासली, तो ‘सॉरी ताई’ म्हणाला आणि गेलाही.

उत्तर, तिसरं

फाटकाबाहेर गावात जाणारी शेअर रिक्षा उभी होती. रिकामी. क्षमा आत बसली. कडेला बसायची तिची सवय, पण आज ती बरोब्बर मधे बसली, म्हणजे इकडून एक बसेल, तिकडून एक.

रिक्षावाला बाहेर उभा राहून हाळ्या देत होता. कुणी येईना. दुपारची वेळ, पोरं मोटारसायकलींवर निघून चाललेली. शेवटी तो हँडलपाशी आला.

“ताई, सीट मिळंना. थोडं जास्त देत असाल तर एकट्यांनाच सोडतो. निघू?”

तिची पर्स मांडीवर होती. दोन्ही बाजूंच्या रिकाम्या जागांवर तिचे हात टेकलेले होते. तिनं ते उचलून जवळ घेतले, जागा मोकळी केली.

“भरू द्या,” ती म्हणाली. “मला घाई न्हाय.”